ऑगस्टअखेर ते सप्टेंबर : दक्षिण युरोपचा प्रवास तुम्ही कसा आखलात? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत, म्हणून २० ऑगस्टला निघून ८ सप्टेंबरला नाशिकला परत, असा बेत ठरतोय. आम्ही तिघं : मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत. एक गुडघा त्रास देतो, पण हौस दांडगी. पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. सासरे गेल्यानंतरचा त्यांचा हा पहिलाच मोठा प्रवास, त्यामुळे बस आली की पळा, असं नकोय. एखाद्या गावात निवांत बसून तिथली माणसं बघायची आहेत त्यांना.

सध्या कागदावर लिस्बन, सेव्हिल, ग्रानादा, बार्सिलोना, फ्लॉरेन्स, रोम, सिसिली, अथेन्स आणि एखादं ग्रीक बेट एवढं उतरलंय. यातलं काय गाळावं ते कळत नाही, कारण सगळंच हवंसं वाटतं. जे या दिवसांत तिकडे गेले आहेत किंवा तिकडेच राहतात, त्यांनी कृपया आपापला अनुभव लिहावा. ऊन, चालणं आणि जेवण या तीन गोष्टींवर विशेष करून.

माद्रिदहून, मूळचा अकोल्याचा

ताई, ऊन मला नवीन नाही. वाळ्याचे पडदे भिजवत लहानाचा मोठा झालो. तरी सांगतो, सेव्हिल ऑगस्टमध्ये नको. पस्तिशीच्या वर पारा रोजचाच, चाळिशीही नवलाची नाही. आणि घाम न येता अंगातलं पाणी ओढून घेणारं आपल्या विदर्भासारखं कोरडं ऊन. तिथले लोक दुपारी खिडक्यांच्या पट्ट्या पार खाली ओढून घरात बसतात. जुन्या पेठेत गल्ल्यांवर या घरापासून त्या घरापर्यंत कापडं ताणलेली असतात, त्या सावलीतूनच चालायचं. मी आईला घेऊन गेलो तेव्हा सकाळी साडेअकराला बाहेरचं सगळं थांबवलं आणि परत संध्याकाळी सातला निघालो. सूर्य मावळायलाच नऊ होतात, त्यामुळे दिवस वाया जात नाही. पण हे वेळापत्रक अंगवळणी पडायला दोन दिवस लागतात आणि तुमच्या यादीत प्रत्येक गावाला दोनच दिवस आहेत.

ग्रानादाला जाणारच असाल तर अलहम्ब्राचं, म्हणजे तिथल्या टेकडीवरच्या जुन्या किल्ला-महालाचं, तिकीट काही आठवडे आधी काढा. ते नावावर असतं, पासपोर्ट बघतात. आत नासरी राजवाड्यांसाठी ठरावीक वेळ छापलेली असते आणि ती चुकली की चुकली. आमचे पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत राहिले होते. आईला एका झाडाखाली बसवून मी टेकडी उतरलो आणि परत चढलो. वेळ गाठली, पण तो अर्धा तास आठवला की आजही पोटात गोळा येतो.

जेवणाचं : दुपारचं जेवण दोनच्या पुढे, रात्रीचं नऊनंतर. मध्ये बरीच स्वयंपाकघरं बंद. साल्मोरेखो म्हणजे टोमॅटो, पाव, लसूण आणि तेल वाटून केलेलं दाट गार सूप. उन्हात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण वर उकडलेलं अंडं आणि सुकवलेलं डुकराचं मांस भुरभुरतात. मागवतानाच दोन्ही नको म्हणून सांगायचं.

माझं मत विचाराल तर ऑगस्ट अटलांटिकच्या काठी काढा आणि भूमध्य समुद्राकडे सप्टेंबरात वळा. पोर्तुगालमधल्या पोर्तोला तेव्हा पारा पंचविशीच्या आसपास असतो, समुद्राचा वारा असतो. हे दोन महिने म्हणजे दोन वेगळे ऋतू आहेत असं धरूनच आखा.

कोल्हापूरहून

या सगळ्या देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा लागतो, त्याबद्दल थोडक्यात. ज्या देशात जास्तीत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. म्हणजे गावं आधी ठरवा, मग अर्ज. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि तो वेळ वापराच. आम्ही जूनमध्ये जागे झालो, तर हव्या त्या देशाची तारीखच मिळेना आणि शेवटी सगळा मार्ग उलटा करावा लागला. मोठ्यांना शुल्क ९० युरो. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. सासूबाईंच्या गुडघ्याचं आधीचं दुखणं त्यात धरलंय का ते नीट वाचून घ्या.

पुण्याहून

आम्ही गेल्या वर्षी गणपती विसर्जन करून पितृपक्षात निघालो, ८ सप्टेंबरला. घरात काही कार्य नसतं, लग्नाची आमंत्रणं नसतात. फक्त बाबांनी आजोबांचं श्राद्ध कुणाकडून करून घ्यायचं, एवढा एक प्रश्न होता, तो चुलतभावाने सोडवला.

सिसिलीबद्दल भरभरून लिहिणार आहे, कारण मला वाटतं तुमच्या सासूबाईंसाठी ती जागा आहे.

आम्ही नेपल्सहून विमानाने गेलो नाही, मुद्दाम रेल्वेने गेलो. जवळजवळ सगळा दिवस जातो. इटलीच्या टोकाला व्हिला सान जोव्हानी नावाचं स्टेशन आहे. तिथे गाडी थांबते, मागे-पुढे होते, डब्यांचे तुकडे होतात आणि एकेक तुकडा बोटीच्या पोटात ढकलला जातो, रुळांसकट. डब्यातले दिवे आणि थंड हवा काही वेळ बंद होतात. बाबा रेल्वेत छत्तीस वर्षं होते. ते खिडकीला नाक लावून बसले होते. बाजूच्या रुळावर आमच्याच गाडीचे दुसरे डबे येऊन उभे राहिले तेव्हा म्हणाले, "अगं, ही आपलीच गाडी आपल्या शेजारी आली." मग अरुंद लोखंडी जिना चढून आम्ही वरच्या डेकवर गेलो. समोर मेसिना, वारा आणि निळं गडद पाणी. जिना जरा उभा आहे. कठडा धरून आई सावकाश चढली. गुडघ्याचा त्रास जास्त असेल तर डब्यातच बसून राहता येतं.

पॅलेर्मोत पानेले नावाचा प्रकार खाल्ला. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवायचं, थापून गार करायचं, काप करून तळायचे. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "ही तर तळलेली पाटवडी!" तीळ लावलेल्या पावात घालून देतात, वर लिंबू पिळतात. अंडं नाही, चीज नाही. तिखट मात्र नाही, म्हणून आमच्याकडची लसणाची चटणी कामी आली. वांग्याची आंबटगोड कापोनाताही मिळते. चीज खाणार असाल तर एक सांगते, पार्मिजानोत वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, असतं. कडक शाकाहारी असाल तर ते टाळा.

ऊन? आमच्या वेळी बरं होतं, पण ऑगस्टमध्ये हेच बेट भाजून निघतं. सिराकुझाजवळ ११ ऑगस्ट २०२१ ला ४८.८ अंश नोंदलं गेलं, तो युरोपचा उच्चांक आहे. सप्टेंबरात मात्र समुद्र छान कोमट असतो. आई चेफालूला साडी वर खोचून गुडघाभर पाण्यात अर्धा तास उभी राहिली आणि त्या संध्याकाळी पाय दुखतात असं एकदाही म्हणाली नाही.

पाण्याची बाटली जवळ ठेवा. रोममध्ये रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, सतत वाहतात, पाणी गार आणि पिण्याचं.

श्टुटगार्टहून

गाडी भाड्याने घेऊन फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात शिरू नका. मर्यादित वाहतुकीचा भाग असतो, म्हणजे परवानगी असलेल्याच गाड्यांना प्रवेश, आणि कॅमेरे असतात. आम्हाला दंडाची नोटीस चार महिन्यांनी आली, आणि दोनदा शिरल्याचे दोन दंड. गाडी गावाबाहेर लावून आत ट्रामने जाणं उत्तम.

इटलीत विमानसेवेचे संप २७ जुलै ते ५ सप्टेंबर या काळात करता येत नाहीत, रेल्वेचे होऊ शकतात. संप आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात.

डोंबिवलीहून

ग्रीसचं मी लिहिते. १५ ऑगस्ट हा मेरीमातेचा मोठा सण. त्या सुमारास तिनोस बेटावर भाविक बंदरापासून देवळापर्यंत चढ गुडघ्यांवर रांगत जातात. बघताना मला आपल्याकडचं लोटांगण आठवलं आणि डोळे भरून आले. पण त्या आठवड्यात बोटी खचाखच भरलेल्या असतात. तुम्ही नंतर जाताय ते बरंच.

खरी काळजी वाऱ्याची. मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा जुलै-ऑगस्टमध्ये जोरात असतो. आकाश निरभ्र, ऊन लख्ख आणि बोटी मात्र बंद. आम्ही नाक्सोस बेटावर एक दिवस अडकलो. वेगवान छोट्या बोटी आधी रद्द होतात, मोठ्या संथ बोटी बऱ्याचदा चालतात. विमानाच्या आदल्या दिवशीच्या बोटीवर अजिबात विसंबू नका. परतीची शेवटची रात्र अथेन्सलाच हवी.

अथेन्सच्या टेकडीवरच्या प्राचीन अॅक्रोपोलिसला सकाळी ८ ची पहिली वेळ घ्या. उन्हाच्या लाटेत दुपारी तो बंदच ठेवतात. पायाखालचा संगमरवर गुळगुळीत झालाय, रबरी तळाचे बूट हवेत. चालायला अडचण असणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे.

आणि "निस्तिसिमो" हा शब्द पाठ करा. म्हणजे उपासाचं. मांस, दूध, अंडं नाही. पण त्यांच्या उपासाला कोळंबी आणि माकूळ चालतात! माझ्यासमोर निस्तिसिमो म्हणून कोळंबीचा भात आला. दोन्ही सांगायचं : निस्तिसिमो आणि समुद्रातलं काही नको. भरलेले टोमॅटो, पिवळ्या डाळीची फावा, तेलातल्या भाज्या यांवर सासूबाईंचं छान भागेल. भरल्या टोमॅटोत खिमा नाही ना, एवढं विचारून घ्या.

लिस्बनहून, माहेर वसई

वसईचा किल्ला अंगणासारखा असलेल्या गावातून इथे आले. जी माणसं १७३९ साली चिमाजी अप्पांनी तिथून घालवली, त्यांच्या राजधानीत आता माझं घर आहे. पहिल्याच दिवशी बाजारात पाव मागितला आणि तो मिळाला. बटाटा, चावी, कोबी, बादली : इथले उच्चार थोडे वेगळे, पण कान ओळखतात. सासूबाईंना हे ऐकायला नक्की आवडेल.

लिस्बनच्या चढउतारांची आणि घोटीव दगडी फरसबंदीची मात्र गुडघ्याला काळजी घ्या. घर खालच्या सपाट भागात घ्या. पासष्टच्या पुढच्यांना रेल्वेत निम्मं तिकीट आहे, पासपोर्ट दाखवायचा. पोर्तोहून डोरो नदीच्या काठाने पिन्याँवला जाणारी गाडी घ्या आणि उजवीकडच्या खिडकीशी बसा. डोंगरउतारावर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांनी द्राक्षं लावलीत. तोडणी मुख्यतः सप्टेंबरात, पण ऑगस्टअखेर घड भरलेले दिसतील. चढ इतका की बरीचशी तोडणी अजून हातानेच करतात.

नाशिकहून (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तिघांनी बसून हे सगळं मोठ्याने वाचलं. यादीवर काट मारली : सेव्हिल, ग्रानादा, बार्सिलोना, फ्लॉरेन्स, रोम, ग्रीस, सगळं पुढच्या वेळी. आता ३१ ऑगस्टपर्यंत पोर्तो, डोरो आणि लिस्बन, मग नेपल्सला विमानाने, आणि पुढे बोटीत शिरणाऱ्या त्या गाडीने सिसिली. रात्री पोर्तुगालमध्ये जास्त, म्हणून अर्ज तिथला. नवऱ्याला अथेन्स सोडवत नव्हतं, पण वाऱ्याचं वाचून तोही तयार झाला.

वसईकर ताई, तुम्हाला एक विचारायचंय. सासूबाईंचं माहेर निफाडचं, घरची द्राक्षबाग. डोरोचं वाचल्यापासून त्यांनी जुनी वही काढलीय आणि प्रश्न लिहून ठेवतायत. पहिला प्रश्न असा : आपल्याकडे डॉगरिज जातीच्या खुंटावर (मुळांकडच्या झाडावर) द्राक्षाचं कलम करतात, तिकडे त्या खडकाळ उतारावर खुंट कुठला वापरतात? आणि बागेतल्या कुणाशी बोलता येईल का, पोर्तुगीजमध्ये तुम्ही दोन ओळी लिहून दिल्यात तर?