सीटची उंची आणि रेलची लांबी

घरी रोइंग मशीन, म्हणजे सरकत्या सीटवर बसून वल्हवण्यासारखा व्यायाम करायचे यंत्र, घेताना मॅग्नेटिक रेझिस्टन्सचे (चुंबकाने ताण देणारे) घडी होणारे मशीन फ्लॅटमध्ये शांत चालते आणि जागाही वाचवते, हा या चर्चेत मांडलेला मुद्दा मला मान्य आहे. राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीत पहाटे हवेच्या पंख्याने ताण देणारे, आवाज करणारे मशीन चालवणे शेजाऱ्यांवर अन्यायच ठरेल. मात्र घडी केल्यावर लागणाऱ्या जागेपेक्षा चालवताना लागणारी जागा आधी मोजावी. कन्सेप्ट टू या कंपनीचे रोइंग मशीन सुमारे २४४ सेंटिमीटर लांब असते आणि वापरण्यासाठी कंपनी २७४ बाय १२२ सेंटिमीटर मोकळी जागा सुचवते, त्यामुळे दहा बाय दहाच्या खोलीत पलंग असेल तर ते बसवणे अवघड आहे.

चर्चेत अजून न आलेली बाब सीटच्या उंचीची आहे. याच मशीनची सीट जमिनीपासून सुमारे ३६ सेंटिमीटरवर असते, तर उंच पायांच्या प्रकारात ती ५१ सेंटिमीटरवर येते. माझ्या वडिलांनी तरुणपणी तालमीत घाम गाळला आहे आणि आता त्यांचे गुडघे दुखतात. खाली बसून उठताना त्यांना आधार लागतो, म्हणून आम्ही उंच सीटचेच मशीन निवडले. उंच माणसाने मात्र रेलची, म्हणजे सीट ज्या दांडीवर सरकते तिची, लांबी पाहावी, कारण पाय पूर्ण सरळ होण्याआधीच सीट टोकाला अडली, तर ज्या मांड्यांच्या जोरावर हा व्यायाम उभा आहे त्यांनाच पुरेसे काम मिळत नाही. दुकानात प्रत्यक्ष बसून, पाय पूर्ण ताणून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.