पाणी रोज वर-खाली होणाऱ्या तलावात बीव्हरसाठी तरंगता सापळा कसा बांधायचा?

काठावरचा
वरच्या धरणातून पाणी सोडतात, त्यामुळे तलावाची पातळी एका रात्रीत अर्धा-पाऊण मीटर हलते. खांबाला बांधलेला ३३० कोनीबेअर (अंग आवळून मारणारा मोठा चौकोनी सापळा) सकाळी एक तर उघडा पडलेला असतो, नाही तर इतका खोल जातो की बीव्हर त्याच्या वरून पोहून जातो. तराफ्यावर सापळा लावायचा तर किती मोठा बांधावा? नांगर कसा टाकावा? परवाना आणि हंगाम दोन्ही चालू आहेत.

सुतारपक्षी
तराफ्याचं काम सापळा ठरलेल्या खोलीवर धरण्याचं, एवढंच. जनावराची ओढ त्याच्यावर कधीच येऊ द्यायची नाही. सापळ्याची साखळी तराफ्याच्या स्क्रूला अडकवली की फळी उखडते आणि सापळ्यासकट बीव्हर जातो.

मी सांगतो ते माप दोन सापळ्यांचं आहे. १२० × २० सेंमीच्या दोन फळ्या घ्या. प्रत्येकीखाली त्याच मापाचा ५ सेंमी जाडीचा, बंद छिद्रांचा कडक फोम लावा. दोन्हींमध्ये ३५ सेंमीची गल्ली सोडून वरून आडव्या पट्ट्या ठोका. फोम २४ लिटर, म्हणजे उचल साधारण २३ किलो. लाकूड ९ किलो खातं. दोन सापळे, जाळी, आमिषाच्या फांद्या आणि नांगराचं लोंबतं वजन मिळून आणखी ९. पाचेक किलो शिल्लक राहते आणि तेवढी हवीच, कारण लाकूड पाणी पितं.

गल्लीच्या दोन्ही तोंडांना एकेक पाटी उभ्या कडेवर बसवा, खालची कड पाण्यात ६-७ सेंमी बुडेल अशी. समोर आडवं काही दिसलं की बीव्हर त्याच्याखाली बुडी मारतो. सापळा बरोबर तिथे, पाटीला लागून, पूर्ण पाण्याखाली. स्प्रिंगा वर वळवून पाटीच्या खाचांत सैल ठेवा. तारेने आवळल्या तर जबडा पूर्ण मिटत नाही आणि जनावर हालहाल होऊन मरतं. सापळा मिटताच खाचेतून सुटून आला पाहिजे.

बहुतेक तराफे फसतात ते बाजूंमुळे. फोम पाण्यात चारच सेंमी असतो, म्हणून बीव्हर बाजूने किंवा तळातून शिरतो आणि फांदी घेऊन निघून जातो. गल्लीखाली जाडसर वेल्डेड जाळी यू आकारात वाकवून लावा, खोली ४५ सेंमी. मग आत यायला दोनच वाटा उरतात.

आमिष म्हणून अ‍ॅस्पेन किंवा विलोच्या ताज्या फांद्या गल्लीच्या मध्यावर घट्ट बांधा आणि दोन-तीन ठिकाणी साल सोलून पांढरं लाकूड दिसू द्या. वर थोडं कॅस्टोरियम, म्हणजे बीव्हरच्या गंधग्रंथीतला स्राव. तराफा मात्र सीडर किंवा स्प्रूसचा करा. अ‍ॅस्पेनचा केलात तर बीव्हर तराफाच कुरतडत बसेल.

तळठाव
नांगराबद्दल. एकाच सैल दोरावर सोडलेला तराफा वाऱ्याने गोल फिरतो आणि काठाला लागतो. तळाशी २० किलोचा ठोकळा टाका. त्याची ३ मिमी स्टीलची केबल तराफ्याच्या कडीतून ओवून दुसऱ्या टोकाला २ किलोचं वजन लोंबतं सोडा, जाळीच्या बाहेरच्या अंगाला. पाणी चढलं की वजन वर सरकतं, उतरलं की खाली जातं. केबल कायम ताठ. वजनाला तेवढं खाली-वर जायला जागा हवी, म्हणजे पाऊण मीटर चढ-उतार असेल तर किमान एक मीटर धरा. पातळी सर्वांत खाली असतानाही तराफ्याखाली सव्वा मीटर पाणी राहील अशी जागा निवडा.

सापळ्यांच्या साखळ्यांना वेगळी केबल, मध्ये स्विव्हल (पीळ न पडू देणारी फिरती कडी), सरळ ठोकळ्याला. हिला पूर्ण चढ-उतार अधिक एक मीटर ढील.

काठावरचा
३३० ऐवजी पाय धरणारा सापळा वर ठेवला तर?

सुतारपक्षी
नको. त्यात पाय अडकलेलं जनावर लगेच खोल जायला हवं. त्यासाठी एकाच दिशेने सरकणारं कुलूप आणि ताठ केबल लागते. डुलत्या तराफ्यावर ते भरवशाचं होत नाही.

ओलीवाट
दोन गोष्टी राहिल्या. पाणमांजरं त्याच पाण्यात असतील तर ट्रिगर, म्हणजे धक्का लागताच सापळा मिटवणारा चाप, मध्यावर ठेवू नका. एका बाजूला सरकवा आणि त्याच्या तारा सरळ खाली सोडा. रुंद अंगाचा बीव्हर त्याला लागतो, सडपातळ पाणमांजराला निसटायला वाव राहतो. खात्री नाही, पण धोका बराच कमी होतो.

दुसरं, क्रम. ३३० काठावरच चिमट्याने ताणा, दोन्ही सेफ्टी हुक लावूनच नावेत घ्या. आधी तराफा नांगरा, मग सापळा खाचेत ठेवा, हुक सर्वांत शेवटी काढा. लाइफ जॅकेट घाला आणि खिशात फासाची दोरी ठेवा, हात अडकला तर त्याच दोरीने पाय देऊन स्प्रिंग दाबता येते.

नियम प्रांतागणिक आणि राज्यागणिक बदलतात: नावाचा टॅग, किती वेळाने तपासायचं, घरट्यापासून किती अंतर. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये तर १९९६च्या सार्वमतानंतर कोनीबेअर खास परवान्याशिवाय लावताच येत नाही. आणि कडेला बर्फाची पापडी धरायला लागली की तराफा काढून घ्या. एकदा गोठला की पातळीबरोबर हलत नाही आणि सापळाही मिटत नाही.