रस फुटला! : नारळाच्या दुधातल्या कालवणाचे तुमचे अनुभव

गेल्या रविवारी सासुरवाडी पुण्याला जेवायला आली होती. सासरे मूळचे वेंगुर्ल्याचे. बायको म्हणाली, वरण-भात लाव आणि गप्प बस. पण मला हौस. अर्धा किलो कोळंबी आणली, एक मोठा नारळ खोवला, मिक्सरला फिरवून कापडातून दूध पिळलं. कांदा-लसूण परतून हळद-तिखट घातलं, वर सगळं दूध एकदम ओतलं, त्यातच सोलं टाकली, कोळंबी टाकली आणि मोठ्या आचेवर झाकण ठेवून पंधरा मिनिटं रटरटू दिलं. झाकण काढलं तर खाली पिवळं पाणी आणि वर पांढऱ्या कण्या. ढवळून बघितलं, कण्या आणखी बारीक झाल्या एवढंच.

सासरे काही बोलले नाहीत. भात कालवला, दोन घास खाल्ले आणि शांतपणे म्हणाले, "जावयबापू, ताकाची कढी बरी झाली हां."

तर मंडळी, हा धागा त्यासाठी. नारळाच्या दुधात मासे, कोळंबी, तिसऱ्या, काहीही करताना तुमचं काय काय झालं ते लिहा. जमलं ते लिहाच, पण फसलेलं आधी लिहा. मला एकट्याला लाज वाटायला नको.

तिरफळ

तुम्ही एकाच कालवणात चार चुका केल्यात, त्याबद्दल अभिनंदन.

आमच्या कुडाळच्या घरात दूध म्हणत नाहीत, रस म्हणतात. आधी दाट रस काढायचा, अर्धी वाटी कोमट पाण्यात. तो बाजूला ठेवायचा. मग त्याच चोथ्यात दीड वाटी पाणी घालून पातळ रस. सगळं शिजतं ते पातळ रसात. त्याला उकळी आली तरी फारसं बिघडत नाही, कारण त्यात मुळात स्निग्धपणा कमी. दाट रस अगदी शेवटी, आच बारीक करून. कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद. रस ओतल्यावर झाकण ठेवायचं नाही, पळी हलती ठेवायची. सोलं गॅस बंद केल्यावर. सोलकढी कधी कोणी गरम करतं का? का करत नाही, ते तुम्हाला आता कळलं असेल.

अजून एक. मालवणी माशाची कढी म्हणजे नारळाचं दूध, असं आता सगळीकडे छापून येतं. आमच्याकडे बांगडा आणि तारली कायम वाटपात. खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद, चिंच हे सगळं रगड्यावर गंधासारखं वाटायचं, आणि वर पाच-सहा तिरफळं, बी काढून, नुसती ठेचून. वाटपात वाटलीत तर कडू होतं. हा प्रयोग मी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात केलेला आहे. रसातलं कालवण व्हायचं ते कोळंबीचं, नाहीतर पापलेटचं, आणि तेही घरात कोणी तापातून उठलेलं असेल तर. तिखट झेपत नाही म्हणून.

वेसावकर

ताज्या मासळीला नारळ लागत नाय. आमच्या कोलीवाड्यात लसूण ठेचायचा, मसाला, चिंचेचा कोल, हलद, वर मासली. धा मिनटात कालवण. मासली शिली असली की मग लोक खोबऱ्याचं दूध घालून लपवतात. राग मानू नका.

तिरफळ

मानला. पण खरंय.

उकळबिंदू

माझं शिक्षण अन्न तंत्रज्ञानातलं, म्हणून थोडं का ते सांगतो. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे बारीक थेंब. त्या थेंबांना एकमेकांपासून लांब ठेवायचं काम नारळातली प्रथिनं करतात. साधारण 80 अंशांच्या आसपास ती प्रथिनं गोठायला लागतात, थेंब सुटे होतात, एकत्र येतात आणि तेल वर चढतं. कण्या दिसतात त्या गोठलेल्या प्रथिनांच्या. आंबट घातलंत की हेच आणखी लवकर होतं. म्हणजे तुम्ही आच, वेळ आणि सोलं तिन्ही शत्रू एकदम आत घेतलेत, वर झाकण लावून.

फुटलेलं पुन्हा जोडता येत नाही. पण आधीच चमचाभर तांदळाची पिठी थंड पाण्यात कालवून पातळ रसात घातली, तर दाट रस बराच तग धरतो. आणि मिक्सर फार वेळ फिरवू नका. भांडं तापतं, खोबऱ्याचं तेल तिथेच सुटायला लागतं.

अवांतर: खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरात पुण्यातच मी रात्रीचं कालवण ओट्यावर ठेवलं होतं. सकाळी त्यावर पांढरी साय. घरातल्यांनी बिघडलं समजून मोरीत ओतलं. चांगलं पापलेटचं होतं हो!

एर्णाकुळमची पाहुणी

आम्ही नोकरीमुळे सहा वर्षं कोचीत आहोत. शेजारच्या चेची (म्हणजे ताई) मीन मोइली, नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण, करतात ते मी सुरुवातीला ओट्याशेजारी उभी राहून वहीत लिहून घेत होते. त्यांच्याकडे पहिल्या दुधाला ओन्नाम पाल आणि दुसऱ्याला रंडाम पाल म्हणतात, म्हणजे तुमचे दाट आणि पातळ रसच. खोबरेल तेलात कढीपत्ता, आलं, उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या, कांदा. कांदा लाल होऊ द्यायचा नाही, नाहीतर रंग जातो. मग हळद, दुसरं दूध, सुरमईचे तुकडे. सुरमईला इथे नेयमीन म्हणतात. शेवटी पहिलं दूध आणि वर टोमॅटोच्या चकत्या, नुसत्या वाफेवर.

मी पहिल्यांदा केली तेव्हा आपल्या सवयीने लाल तिखट घातलं. चेचींनी चव घेतली, छान आहे म्हणाल्या, आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं की ही मोइली आहे का दुसरं काही. त्या दिवसापासून तिखटाचा डबा मोइलीच्या वेळी कपाटात बंद.

ढवळायचं कसं, हेही तिथेच शिकले. पळी घालतच नाहीत. मातीची चट्टी दोन्ही कानांना धरून हलकेच गोल फिरवायची. मासा मोडत नाही आणि दूधही फिरतं राहतं.

धागा काढा

नावावर हसू नका, विषय तोच आहे. सीकेपी घरातली आहे, कोळंबीच्या बाबतीत आम्ही कुणाचं ऐकत नाही.

धागाकर्ते, तुम्ही कोळंबीचा धागा काढला होता का? पाठीवर उभी चीर देऊन तो काळा दोरा काढायचाच, नाहीतर रस्सा किरकिरतो. पण माझा मुख्य आक्षेप त्या पंधरा मिनिटांवर आहे. मध्यम कोळंबी तीन-चार मिनिटांत होते. वाकली, गुलाबी झाली की झाली. त्यापुढे तुम्ही खोडरबर शिजवत होतात. मी कोळंबीला हळद, मीठ, आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवते, तेलात लसूण ठेचून टाकते, कोळंबी जेमतेम परतते आणि ताटलीत काढून घेते. रस्सा वेगळा होऊ देते. दाट दूध घातलं की त्याबरोबरच कोळंबी परत आत. सासूबाईंची एकच तक्रार असायची, "एवढी काढघाल कशाला?" आणि पुन्हा वाढून घ्यायच्या.

अश्दोदहून

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ अलिबागकडचे. इथे इस्राएलला येऊन खूप वर्षं झाली, पण घरात मराठीच. आमच्यात मांसाबरोबर दुधाचं काही खात नाहीत, म्हणून कोकणात असल्यापासून नारळाचं दूध हेच आमचं दूध. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या आम्हाला चालत नाहीत. माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत. त्यामुळे तुमच्या कोळंबीच्या गप्पा मी नुसत्या वाचते.

आमचं कालवण हिरवं. कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, आलं वाटून परतायचं, नारळाचं दूध, माशाचे तुकडे, शेवटी लिंबू. अडचण अशी की शुक्रवारी सूर्यास्तानंतर विस्तव पेटवायचा नाही. म्हणून आधीच करून विजेच्या गरम तव्यावर ठेवते. दोन-तीन तास तिथे राहिलं की दूध फुटायचंच. वर्षानुवर्षं मी तो हिरवा तवंगच खरा समजत होते. माझी आई अलिबागला चुलीवर करायची ते कसं दिसायचं, ते मी विसरून गेले होते. आता वरच्या पिठीचा उपाय करून बघते. लिंबू ताटातच पिळेन.

बर्फातला बांगडा

टोरोंटो. इथे ओला नारळ मिळतो, पण फोडला की तीनातला एक खवट निघतो. म्हणून डब्यातलं दूध. त्यात बहुतेक वेळा गवार गम घातलेला असतो, त्यामुळे ते सहजी फुटत नाही. चवीला जरा मेणचट लागतं, पण धागाकर्त्यांचं संकट माझ्यावर कधी आलं नाही.

माझं संकट वेगळं. पहिल्या वर्षी दुकानात घाईत दोन डबे उचलले. नारळाचं चित्र, दाटसर पांढरं, खूश झालो. मित्रांना जेवायला बोलावलं होतं. सुरमई त्यात शिजवली आणि चव घेतली तर खीर! तो पेयांमध्ये घालायचा साखर घातलेला नारळ होता. मी घाबरून चिंच घातली, तिखट घातलं, मीठ घातलं, परत चिंच. मित्र सोलापूरचे, त्यांनी मासे फारसे खाल्लेले नव्हते. एकजण म्हणाला, कोकणात जेवण गोड असतं हे ऐकून होतो. मी काही बोललो नाही. अजूनही त्याला तसंच वाटतं.

डब्यावरची घटकांची यादी वाचा. नारळ, पाणी आणि फार तर गम. साखर दिसली की परत ठेवा.

मडगावकार

आमच्याकडे काल्दीन करतात, पिवळं, सौम्य. जिरं, धणे, हळद, मिरी, लसूण वाटून गाळून घेतात, मग नारळाचा रस. आंबटाला व्हिनेगर किंवा चिंच, तेही बेताने.

तिसऱ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिसऱ्या उघडताना त्यातलं पाणी सुटतं ते समुद्राइतकं खारट. मी एकदा आधीच मीठ घालून बसलो, मग ते पाणीही ओतलं. सगळ्यांनी नुसता भात खाल्ला. मीठ शेवटी, चाखून, आणि बहुतेक वेळा लागतच नाही. तिसऱ्यांचं पाणी ओतताना तळाचा घोट भांड्यातच सोडा, वाळू तिथे असते.

अर्धी वाटी

उरलेल्या कालवणाचं काय करता? मे महिन्यात मुंबईत रात्री बाहेर राहिलं, सकाळी वर फेस आणि आंबूस वास. आमची आजी सांगायची, रसातलं कालवण त्याच रात्री संपवायचं, वाटपातलं दुसऱ्या दिवशी आणखी चांगलं लागतं.

तिरफळ

आजी बरोबर. वाटपातलं शिळं कालवण आणि घावणे. विषय संपला.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, वेसावकर तुमचेही.

पुन्हा केलं. सध्या पावसाळ्याची मासेमारी बंदी, 1 जून ते 31 जुलै, त्यामुळे मोठ्या होड्या किनाऱ्यावर आणि पापलेट परवडण्यापलीकडे. बर्फातली कोळंबी आणली. धागे काढले, एकूण 34. परतून बाजूला ठेवली. पातळ रसात चमचाभर पिठी. दाट रस घातल्यावर कढईचे कान फडक्याने धरून ती गोल फिरवली, बायको दारात उभी राहून बघत होती. बुडबुडे दिसले, गॅस बंद. मग सोलं. फुटलं नाही! रंग फिकट केशरी, वर लसणीचा वास.

सासऱ्यांना डबा भरून नेला. संध्याकाळी फोन. डबा पुसून खाल्ला असं सासूबाईंनी सांगितलं. मग फोन सासऱ्यांनी घेतला.

"सोला वायच कमी पडली."

बरं, अर्धा किलोला तुम्ही किती सोलं घालता?