आधी इमारत नको

रस्त्यावरच्या मुलांसाठी संस्था काढायची तर आधी निवाऱ्याची जागा घ्यावी, असं बऱ्याचदा सुचवलं जातं. मला ते पटत नाही. यातली बरीच मुलं दिवसभर रस्त्यावर कमावतात आणि रात्री घरी जातात. त्यांना बिछाना नको असतो, घर सावरायला मदत हवी असते. कोण कुठल्या परिस्थितीत आहे, हे रोज त्याच जागी, त्याच वेळी जाऊन बसल्याशिवाय कळत नाही. विश्वास बसायलाच महिने लागतात, आणि मध्येच कार्यकर्ता बदलला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पैसा आधी माणसांच्या पगारावर लावा. देणगीदार भिंतीला पटकन देतात, पगाराला नाही. त्यांच्याशी हे स्पष्ट बोला.

निवारा लागतोच, नाही असं नाही. निराधार मुलांसाठी काम करणारे समाजसेवक थॉमस बर्नार्डो यांनी १८७० साली लंडनमध्ये मुलांसाठी वसतिगृह काढलं. जागा नाही म्हणून परत पाठवलेला एक मुलगा पुढे रस्त्यावरच दगावला, तेव्हापासून कुणालाच दारातून परतवायचं नाही असं त्यांनी ठरवलं. ही गोष्ट आठवली की आजही गलबलतं.

आणि मुलांच्या सुरक्षेचे नियम पहिल्याच दिवशी लिहून काढा: स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासणं, मुलाला तक्रार करता येईल अशी सोय. देणग्यांसाठी मुलांचे केविलवाणे फोटो तर अजिबात वापरू नका.