'प्रीनप'ला मराठीत काय म्हणता?

कोथरूडची_अनु: मामेभावाचं लग्न ठरलंय, तो कॅलिफोर्नियात असतो. तिथल्या वकिलाने प्रीनपचा, म्हणजे कुणाची मिळकत कुणाची राहील हे लग्नाआधी वधूवरांनी लिहून ठेवायच्या कागदाचा, मसुदा पाठवलाय आणि मामाला तो मराठीत वाचायचाय. तिथे अंतिम मसुदा हातात पडल्यावर सात दिवस तरी सही करता येत नाही, तेवढ्यात मला हे उरकायचंय. मी 'विवाहपूर्व करार' लिहिलं, तर मामी म्हणाली, करार भाडेकरूशी करतात, सुनेशी नाही. दुसरी अडचण 'सेपरेट प्रॉपर्टी'ची, म्हणजे लग्नानंतरही एकाचीच राहणाऱ्या मिळकतीची. 'स्वकष्टार्जित' लिहावं तर त्यात आजोबांकडून आलेला वाटाही धरलाय. काय लिहू?

शनिवारपेठी: 'करार' अरबीतून आलेला. 'विवाहपूर्व संविदा' लिहा. आपला शब्द असताना उसना कशाला?

दस्तलेखक: शिवाजीनगर कोर्टाजवळ बसतो. 'संविदा' म्हटलं की पक्षकार अर्थ विचारतो, 'करार' म्हटलं की सही कुठे करू विचारतो. अरबी-फारसी काढायचं तर वकील, तारीख, दावा सगळंच जाईल. 'फारकत'सुद्धा मूळ फारिगखत, म्हणजे मोकळं केल्याचा कागद.
अनु, मामाला हेही सांगा की असा कागद इथे तिथल्यासारखा चालत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात त्याची तरतूद नाही, आणि सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार रद्द धरणारं १८७२ च्या करार कायद्याचं कलम २३ आडवं येतं.

फोंड्याची_सून: माहेर पुणे, सासर गोवा. आमच्याकडे १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता. लग्नाआधी करार नोंदवला नाही तर नवराबायकोची मिळकत आपोआप एकत्र होते, दोघांचा निम्मा निम्मा हक्क. लग्न लागल्यावर ते बदलत नाही. त्यामुळे 'करार'पेक्षा 'पूर्व' जपा.

यादीवाले: एवढं शोधताय कशाला? आपल्याकडे याद्या होतातच की! आजीच्या लग्नाची यादी घरात आहे. वर 'श्री गजानन प्रसन्न', कोपऱ्यांना हळदकुंकू, खाली चांदीचं तांब्याभांडं, विहिणीचा मान, वरमाईची पैठणी, जेवणावळ कुणाकडे ते. 'लग्नाची यादी' म्हणा, मामी लगेच समजतील.

फोंड्याची_सून: याद्या दोन व्याह्यांमधल्या असतात, नवराबायकोच्या नाहीत. त्या यादीवर आजीची सही आहे का?

यादीवाले: नाही. पणजोबांची आणि मुलाच्या काकांची आहे. आजीचं नावही नाही, 'चि. सौ. कां.' एवढंच.

दस्तलेखक: पण १९८५ च्या हुंडाबंदी नियमांत भेटवस्तूंच्या यादीवर वधूवर दोघांची सही लागते. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, सगळं लिहायचं. स्त्रीधनाचा वाद निघाला की हाच कागद कामाला येतो, आणि तो जवळजवळ कुणी करत नाही. मुलींच्या आईवडिलांनो, हा तरी करा.

कोथरूडची_अनु: आणि सेपरेट प्रॉपर्टी?

दस्तलेखक: 'स्वतंत्र मिळकत' लिहा. खाली व्याख्या द्या: लग्नाआधीची, वारशाने आलेली किंवा बक्षीसपत्राने मिळालेली.

शनिवारपेठी: 'बक्षीस' फारसी. दानपत्र म्हणा.

यादीवाले: दान देवाला किंवा ब्राह्मणाला. बापाने लेकीला फ्लॅट दिला तर त्याला दान कोण म्हणेल?

शनिवारपेठी: मग कन्यादान काय आहे?