मदत हवी आहे: वाचनाच्या तासाला मुलं नुसती पानं उलटतात

नमस्कार मंडळी,

सहावीच्या वर्गाला शिकवते. रोज वीस मिनिटं मूकवाचनाची ठेवली आहेत. ज्याने त्याने आवडीचं पुस्तक घ्यायचं आणि वाचत बसायचं. ज्यांना वाचता येतं ती मुलं रमतात. प्रश्न मागे पडलेल्या चार-पाच जणांचा आहे. हातात जाडजूड पुस्तक, कारण शेजाऱ्याच्या हातात तसंच असतं. पान वेळच्या वेळी उलटतं, पण काय वाचलंस विचारलं की मुखपृष्ठावरच्या चित्राचं वर्णन ऐकायला मिळतं.

मी शेजारी बसले की हीच मुलं बऱ्यापैकी वाचतात. उठले की संपलं. पालक विचारतात, पुस्तकामागे काही बक्षीस ठेवू का? मन घेत नाही, पण त्यांना दुसरं काय सांगावं तेही सुचत नाही.

माझ्याशिवाय ही मुलं वाचायला कशी लागतील? 'वाचनाची गोडी लावा' हा सल्ला कृपया नको, तो आमच्या भिंतीवर रंगवलेला आहे.

प्रतिसाद १

ताई, आधी एवढं तपासा: त्यांना वाचता येत नाही, की वाचावंसं वाटत नाही? लांबून दोन्ही सारखंच दिसतं. एकेकाला बाजूला घेऊन त्याच्याच पुस्तकातले शंभरेक शब्द मोठ्याने वाचून घ्या आणि चुका मोजा. एमेट बेट्स या अमेरिकन वाचनतज्ज्ञांचा १९४६ चा आडाखा अजून वापरात आहे. शंभरात एखादी चूक असेल तर मूल ते पुस्तक एकट्याने वाचू शकतं. पाचेक झाल्या तर शेजारी कोणीतरी हवं. दहाच्या घरात गेल्या तर ते पुस्तक सध्या नको. आकडे काटेकोर धरू नका, त्यांवर पुढे बरीच टीका झाली. पण तुम्ही बसल्यावर वाचतात, उठल्यावर नाही, यावरून मला तरी ती मधल्या गटातली वाटतात.

अशा मुलाची सगळी ताकद जोडाक्षरं फोडण्यात जाते. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात निसटलेली असते, मग गोष्ट कसली लागणार? यावर जुना, कंटाळवाणा वाटणारा पण चालणारा उपाय म्हणजे तोच छोटा उतारा पुन्हा पुन्हा वाचणं. वाचनाचे अभ्यासक सॅम्युअल्स यांनी १९७९ मध्ये तो मांडला. उतारा पन्नास ते दोनशे शब्दांचा, आणि सफाई आली की पुढचा. वेग वाढलेला मुलाला स्वतःला जाणवतो, आणि मागे पडलेल्या मुलाला अशी गोष्ट क्वचितच जाणवते. हे मूकवाचनाच्या वीस मिनिटांत करू नका, वेगळा वेळ काढा.

आणि मूकवाचनावर सगळा भार टाकू नका. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनलला (वाचन शिकवण्यावरचं संशोधन तपासणारी तज्ज्ञ समिती) २००० च्या अहवालात, नुसतं मूकवाचन करवून घेतल्याने वाचन सुधारतं याचा पुरेसा पुरावा सापडला नव्हता. ते निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही, पण शिकवण्याची जागा ते घेत नाही.

प्रतिसाद २

बक्षिसाबद्दल. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग आहे. चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती कमी चित्रं काढू लागली. अर्थात त्या मुलांना चित्रं मुळात आवडत होती. तुमच्या मुलांना वाचन आवडतच नाही, तेव्हा हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही. तरी बक्षीस द्यायचंच तर पुढचं पुस्तक निवडायचा पहिला मान द्यावा.

माझा भरवसा मोठ्याने वाचून दाखवण्यावर. पहिलं प्रकरण तुम्ही वाचा, ऐन रंगात आल्यावर थांबा आणि पुस्तक टेबलावर ठेवून द्या. मालिकेतलं पुस्तक असेल तर उत्तम: पात्रं आणि नावं ओळखीची झाली की दुसरं पुस्तक निम्मं सोपं होतं. चित्रकथाही चालतात. त्यांना वाचन न मानणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

धागाकर्ती

दोघांचे आभार. शंभर शब्दांचं उद्यापासूनच करते. पण सोपं पुस्तक चारचौघांत हातात धरायला ही मुलं लाजतात. त्याचं काय?

प्रतिसाद १

पुस्तकांवर इयत्ता किंवा रंगाची पट्टी असेल तर काढून टाका. पातळ-जाड सगळी एकाच पेटीत ठेवा आणि त्या वीस मिनिटांत तुम्हीही त्यातलंच एखादं पातळ घेऊन बसा. हुशार मुलं दोन दिवसांत ते मागायला येतील. शिवाय या मुलांना खालच्या वर्गातल्या छोट्यांना गोष्ट वाचून दाखवायचं काम द्या. मग सोप्या पुस्तकाची घरी तयारी करायला कारण मिळतं आणि ते लपवावं लागत नाही.