घडी घालण्याआधी साखळीचा विचार व्हावा

घडीची सायकल हेच शहरातल्या रोजच्या प्रवासाचे उत्तर आहे, हे आपण लेखात मांडलेले म्हणणे मला अर्धेच पटते. ब्रॉम्प्टन या ब्रिटिश कंपनीच्या सायकलीसारखी, घडी होणारी १६ इंची चाकांची सायकल मुंबईत लोकलने जाणाऱ्याला नक्कीच सोयीची आहे. पण नाशकात कॉलेज रोडवरून सातपूरच्या कारखान्यात जाणारा माणूस सायकलची घडी घालून कुठे नेणार, आणि खड्ड्यांत लहान चाक मोठ्यापेक्षा जास्तच आदळते.

मी स्वतः सातपूरला सायकलने जातो. जुलैत आठवडाभर चालवली की साखळीवर वाळूमिश्रित चिखलाचा काळा लेप बसतो, गिअर उड्या मारू लागतात आणि उजव्या पायाच्या पँटला तेलाचा पट्टा उमटतो. म्हणूनच मला मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, बंदिस्त असलेले गिअर अधिक मोलाचे वाटतात: तिथे चिखल सहसा पोचत नाही आणि सिग्नलला उभे असतानाही गिअर बदलता येतो. जोडीला आपल्या जुन्या काळ्या सायकलींना असायचे तसे साखळी पूर्ण झाकणारे चेनकव्हर हवे. साखळीऐवजी कार्बन धाग्यांचा दातेरी पट्टा लावला तर तेलाचीच गरज उरत नाही. मात्र हा पट्टा अखंड असल्याने तो आत घेण्यासाठी फ्रेमचा मागचा भाग उघडणारा लागतो, त्यामुळे बहुतेक जुन्या सायकलींना तो बसत नाही.

दिव्यासाठी पुढच्या चाकातला ६ व्होल्ट, ३ वॅटचा हब डायनॅमो, म्हणजे चाक फिरताना वीज तयार करणारा हब, घ्यावा. तो टायरला घासत नाही, पावसात घसरत नाही. आणि थोडी वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर असलेला मागचा दिवा चौकात थांबल्यावरही काही मिनिटे जळत राहतो, जे नाशकातल्याच अंबडच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून परतणाऱ्यासाठी फार महत्त्वाचे आहे.